वृद्धांची औषधे : वजाबाकी कोणी करायची?

(घोडेगाव, तालुका आंबेगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औषधांचा प्रश्न समाजवादी चळवळीला नवा नाही. औषधे महाग आहेत, सरकारी दवाखान्यांत ती मिळत नाहीत, मोठ्या कंपन्या त्यांवर भरमसाट नफा कमावतात, ह्या तक्रारींवर आजवर अनेक ठराव झाले आणि मोर्चेही निघाले. ते सर्व योग्यच होते. त्या मागण्यांपैकी पुष्कळशा आजही अपुऱ्याच राहिल्या आहेत. तथापि ह्या सर्व मागण्यांच्या मुळाशी एक गृहीत होते. औषध ही हितकारक वस्तू आहे आणि ती जितकी स्वस्त होईल, जितक्या अधिक लोकांपर्यंत पोहोचेल, तितके बरे, असे ते गृहीत. धान्याच्या बाबतीत ते चालते. औषधाच्या बाबतीत, आणि विशेषतः साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या औषधांच्या बाबतीत, ते तपासून घ्यावे लागते.

हा विषय घोडेगावात मांडण्यास कारण आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा तरुण मुंबईच्या गिरणीत कामाला गेला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडून त्याने प्राण दिला. त्याच्या आधी आणि नंतरही जुन्नर-आंबेगावच्या खोऱ्यांतील माणसे गिरण्यांत, गोदीत, बाजारांतील हमालीत गेली. १९८२ च्या गिरणी संपात जो कामगार पंचविशीत होता तो आज सत्तरीला टेकला आहे. अशा कामगारांतील अनेकजण गावी परतले. त्यांची मुले मात्र पुणे, चाकण, मुंबईकडे गेली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढच्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. ज्या गावांतून तरुण बाहेर जातात तेथे ते प्रमाण नुसत्या डोळ्यांनीही अधिक दिसते. आणि अशा घरांत फडताळात किंवा खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी हमखास आढळते. तिच्यात अर्धवट संपलेल्या पट्ट्या असतात, कागदाच्या पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या असतात, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. ह्या पिशवीतील वस्तूंचा एकत्रित हिशेब कोणाकडे आहे, हा आजचा प्रश्न आहे.

बेरीज कशी होते

रोज पाच किंवा अधिक औषधे एकाच वेळी घेण्याला वैद्यकात सामान्यतः ‘पॉलिफार्मसी’ म्हणतात. आपण त्याला औषधबाहुल्य म्हणू. प्रत्येक वेळी ते चुकीचेच असते असे नव्हे. हृदयविकार, मधुमेह आणि रक्तदाब एकत्र असलेल्या माणसाला पाच औषधांची खरोखर गरज असू शकते. परंतु संख्या वाढली की धोका सरळ रेषेत वाढत नाही. दोन औषधे असतील तर त्यांची परस्परांशी एकच जोडी होते. पाच असतील तर दहा जोड्या होतात, आणि दहा असतील तर पंचेचाळीस. ह्यांतील प्रत्येक जोडी घातक नसते. पण ती तपासावी मात्र लागते.

त्यात वृद्धाचे शरीर हे तरुणाचे शरीर राहिलेले नसते. मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती मंदावते. शरीरातील पाण्याचा अंश घटतो, चरबीचे प्रमाण वाढते आणि चरबीत विरघळणारी औषधे दीर्घकाळ मुक्काम ठोकतात. डायझेपाम ह्या गुंगीच्या औषधाचे शरीरातील प्रमाण अर्ध्यावर यायला विशीतील माणसाला सुमारे २० तास लागतात. ऐंशीच्या घरात हा काळ जवळजवळ चौपट होतो. म्हणजे काल रात्रीची गोळी उतरण्यापूर्वी आजची पोटात जाते आणि तिच्यावर उद्याची. रक्तातील क्रिएटिनीनचा अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी त्यावर विसंबता येत नाही. वृद्धाच्या अंगावरचे मांसच कमी झालेले असल्यामुळे मूत्रपिंड दुबळे असूनही आकडा बरा दिसू शकतो.

आता एक उदाहरण घेऊ. ते एका विशिष्ट व्यक्तीचे नाही. औषधांचे जे परिणाम पाठ्यपुस्तकांत नोंदलेले आहेत तेच येथील जीवनाच्या क्रमाने मांडले आहेत. आयुष्यभर वाकून भातलावणी केलेल्या एका वृद्धेचे गुडघे दुखतात. तिला डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मिळते. ह्या गोळीने रक्तदाब वाढू शकतो. तो वाढतो आणि रक्तदाबाची अम्लोडिपीन ही गोळी सुरू होते. अम्लोडिपीनने अनेकांचे पाय सुजतात. सूज हा नवा रोग समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. वस्तुतः ह्या प्रकारची सूज त्या गोळीने फारशी हटत नाही. आता रात्री तीनचार वेळा उठावे लागते, झोपेचे खोबरे होते, म्हणून झोपेची गोळी येते. दिवसा तोल जातो, चक्कर येते, म्हणून सिनारिझीन येते. सिनारिझीन दीर्घकाळ घेतल्यास वृद्धांच्या हातापायांना कंप सुटू शकतो. तो कंपवात आहे असे समजून त्याचीही गोळी येते. आणि एका रात्री, गुंगीत, अंधारात, अंगणापलीकडच्या संडासाकडे जाताना ती पडते व खुब्याचे हाड मोडते.

ह्या साखळीत कोणी दुष्ट नाही. प्रत्येक डॉक्टरने समोर दिसणाऱ्या लक्षणावर औषध दिले. दोष इतकाच की मागच्या औषधाचा परिणाम हा पुढच्या वेळी रोग म्हणून ओळखला गेला. कॅनडा-अमेरिकेतील दोन वैद्यकांनी, पॉला रोशोन व जेरी गुर्विट्झ ह्यांनी, १९९० च्या दशकात ह्या प्रकाराला ‘औषधांचा धबधबा’ अशा अर्थाचे नाव दिले. वरून पडणारे पाणी जसे पायरीपायरीने खाली येते तशी एका औषधातून दुसऱ्याची गरज निर्माण होते. परिणाम मात्र घराला भोगावा लागतो. खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध व्यक्ती पुष्कळदा पुन्हा पूर्वीसारखी चालू शकत नाही, आणि अशांपैकी बऱ्याच जणांचा वर्षाच्या आत मृत्यू होतो. शस्त्रक्रियेसाठी जनावर विकले जाते, जमीन गहाण पडते, मुंबईच्या मुलाला महिनाभराची रजा काढावी लागते, बहुधा बिनपगारी.

वजाबाकीला भाव नाही

ही बेरीज इतकी सहज का होते, ह्याचे उत्तर वैद्यकापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. १९५९ पासून अमेरिकन सिनेटमध्ये एस्टेस केफॉव्हर ह्यांच्या समितीने औषध कंपन्यांची चौकशी केली. तेव्हा ह्या बाजाराचे एक वैशिष्ट्य ठळकपणे पुढे आले. येथे माल निवडतो एक आणि पैसे भरतो दुसरा. १९६३ साली केनेथ ॲरो ह्या अर्थशास्त्रज्ञाने वैद्यकीय सेवेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की रोगी आणि वैद्य ह्यांच्या ज्ञानात इतके अंतर असते की नेहमीचे बाजाराचे नियम येथे लागू पडत नाहीत. भाजी घेताना ग्राहक वांगे दाबून पाहू शकतो. गोळी दाबून काही कळत नाही.

अशा बाजारात प्रत्येकाचा लाभ बेरजेत असतो. कंपनीचा प्रतिनिधी विक्रीच्या लक्ष्याशी बांधलेला असतो. दुकानदाराचे उत्पन्न विक्रीवर असते. खाजगी डॉक्टरला शुल्क मिळते ते चिठ्ठी लिहिण्याचे. अर्धा तास बसून दोन गोळ्या कमी करण्याचे शुल्क कोणी देत नाही, आणि रोगीही रिकाम्या हाताने परत गेला तर नाराज होतो. इंजेक्शन टोचले नाही, सलाईन लावले नाही, तर उपचारच झाला नाही अशी समजूत आपणच वाढू दिली आहे. थोडक्यात, औषध सुरू करण्याला बाजारात भाव आहे, थांबवण्याला नाही. आणि ज्या कामाला भाव नाही ते काम बाजार करीत नाही. ते समाजाने, म्हणजे सार्वजनिक व्यवस्थेने, करावे लागते.

त्यात ब्रँडनावांचा गोंधळ भर घालतो. मुंबईच्या रुग्णालयातून एका नावाने आलेली गोळी आणि मंचरच्या दुकानातून दुसऱ्या नावाने घेतलेली गोळी ह्या दोहोंत एकच औषध असू शकते. रोगी प्रामाणिकपणे दोन्ही घेतो आणि मात्रा दुप्पट होते. १९७४ साली नेमलेल्या हाथी समितीने १९७५ च्या अहवालात ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत आणि शंभराहून थोड्या अधिक आवश्यक औषधांवर भर द्यावा असे सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली ती त्यानंतर दोन वर्षांनी, १९७७ साली. ह्या देशाला शहाणपण बाहेरून आणावे लागले नव्हते. ते स्वीकारण्याची इच्छा अपुरी पडली.

अनेक औषधे एकाच गोळीत कोंबण्याची प्रथा हीही त्याच बाजाराची निर्मिती आहे. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांची भर पडली. ज्यांना शास्त्रीय आधार नाही असे ठरले ती मिश्रणे तोपर्यंत परवान्यानेच विकली जात होती, हे लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेने १९८० च्या दशकापासून अशा अशास्त्रीय औषधांविरुद्ध प्रबोधन केले. तिचे डॉ. अनंत फडके ह्यांनी सातारा जिल्ह्यातील औषधांच्या पुरवठ्याचा व वापराचा जो अभ्यास केला त्यातून एक विसंगती पुढे आली. सरकारी केंद्रांत आवश्यक औषधांचा तुटवडा आणि खाजगी क्षेत्रात अनावश्यक औषधांवर उधळपट्टी, ह्या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदत होत्या.

गुंगीची गोळी आणि एकटेपण

आता शामक औषधांकडे वळू. बाझेलच्या रोश कंपनीने १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आणले. १९६९ ते १९८२ ह्या काळात व्हॅलियम हे अमेरिकेत सर्वाधिक खपणारे औषध होते. भारतात रॅनबॅक्सीने १९६९ साली तेच औषध काम्पोज ह्या नावाने आणले. पुढे १९७० च्या पेटंट कायद्याने भारतीय कंपन्यांना वाव मिळाला आणि औषधे स्वस्त झाली. तो कायदा हा ह्या देशाचा मोठा विजय होता, ह्यात शंका नाही. परंतु त्या विजयातून जीवरक्षक औषधे जशी खेड्यात आली तशीच गुंगीही आली. अल्प्राझोलामची पट्टी चहाबिडीच्या खर्चात मिळू लागली तेव्हा तिची गरज कोण तपासणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ सालीच बजावले होते की ह्या वर्गातील औषधे दोन ते चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ देऊ नयेत. ह्यांची सवय लागते, स्मरणशक्ती मंदावते, तोल जातो. अमेरिकेतील मार्क बिअर्स ह्यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी तयार केली. तिची ताजी आवृत्ती २०२३ ची आहे. झोपेच्या ह्या गोळ्या तीत आहेत. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामीनही आहे, कारण त्याने वृद्धाला भ्रम होऊ शकतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबू शकते. मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड हे जुने औषधही तीत आहे. वारकऱ्यांच्या घरी ह्या शेवटच्या नावाकडे विशेष लक्ष हवे. एकादशीला पोटात अन्न नाही आणि सकाळची गोळी मात्र नेमाने घेतली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पुढे येणारा घाम, बरळणे, बेशुद्धी ह्यांना घरचे लोक उपवासाचा थकवा समजतात.

भारतात अल्प्राझोलाम, डायझेपाम ह्यांसारखी औषधे २०१३ साली ‘एच-१’ ह्या अनुसूचीत घातली गेली. १ मार्च २०१४ पासून ती विकताना डॉक्टरचे व रोग्याचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. नियम चांगला आहे. पण जुनीच चिठ्ठी वर्षानुवर्षे चालत असेल तर नोंदवहीने काय साधणार?

येथे केवळ डॉक्टर वा दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही. झोपेची गोळी मागितली का जाते, हेही पाहिले पाहिजे. वय वाढते तशी झोप हलकी आणि तुटक होते. हा रोग नव्हे. खेड्यातील वृद्ध माणूस सातला जेवून आठला अंथरुणावर पडतो. दोनला त्याला जाग येते तेव्हा त्याची सहा तास झोप झालेली असते. पण उरलेली रात्र काढायची कोणाबरोबर? मुलगा चाकणला, नातवंडे त्याच्याबरोबर, जोडीदार गेलेला. अशा वेळी डॉक्टरकडे ‘झोप येत नाही’ ही जी तक्रार येते तिचे खरे नाव एकटेपण हे असते. एकटेपणावर समाजाकडे उपाय नाही म्हणून त्याचे रूपांतर निद्रानाशात होते आणि निद्रानाशावर गोळी तयार असते. त्याच रीतीने, स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध रात्री ओरडतो, घराबाहेर पडतो. दिवसभर शेतात राबून घर सांभाळणाऱ्या सुनेला रात्रीची झोप हवी असते. तिने औषध मागितले तर तिला कठोर म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? तिच्या श्रमाला कोणी पर्याय उभा केला आहे? मात्र मनोविकारावरील प्रबळ औषधे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आणि २००८ साली त्याची व्याप्ती वाढवली. तेथील वृद्धाश्रमांत कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी वृद्धांना गुंगीत ठेवण्यावर १९८७ च्या कायद्यानेच निर्बंध आले होते. आपल्याकडे वृद्धाश्रम थोडे, आणि घरात काय चालते ह्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

एक रास्त आक्षेप

ह्यावर एक आक्षेप निश्चित येईल आणि तो रास्त आहे. भीमाशंकर-आहुपेच्या बाजूला, जेथे रक्तदाब एकदाही मोजला न गेलेले आदिवासी वृद्ध आहेत, तेथे ‘औषधे जास्त होतात’ ही तक्रार मध्यमवर्गीय चैन नव्हे काय? त्या डोंगरांतला माणूस हिरडा गोळा करून व्यापाऱ्याला विकतो. तो औषधाचा कच्चा माल पुरवतो आणि तयार औषध त्याला पुरेसे मिळत नाही. मग त्याला कमी गोळ्यांचा उपदेश करायचा का?

ह्याचे उत्तर असे की अभाव आणि अतिरेक ही दोन वेगळ्या वर्गांची दुखणी राहिलेली नाहीत. ती एकाच शरीरात एकत्र राहतात. ज्या वृद्धेला रक्तदाबाचे नियमित औषध मिळत नाही, तिलाच अंगदुखीसाठी पुडीतून बिननावाच्या गोळ्या मिळतात, आणि त्यांत स्टेरॉइड असेल तर रक्तदाब व साखर आणखी बिघडते. जी गोळी हवी ती नाही आणि नकोत त्या चार आहेत. तिच्या पैशाचाही हिशेब पाहा. श्रावणबाळ योजनेत तिला २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात; परतलेल्या गिरणी कामगाराचे किमान निवृत्तिवेतन २०१४ साली १,००० रुपये ठरले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. अशा उत्पन्नातून विकत घेतलेली प्रत्येक अनावश्यक गोळी ही भाकरीतून कापलेली असते.

म्हणून मागणी अशी नको की औषधे कमी करा. तसे म्हटले तर खर्चकपातीला टपलेले सरकार ते आनंदाने मान्य करील. मागणी अशी हवी की प्रत्येक वृद्धाची सर्व औषधे एकत्र तपासण्याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित करा. त्यातून काही बंद होतील, काहींची मात्रा घटेल आणि काही आवश्यक औषधे नव्याने सुरूही करावी लागतील.

काय करता येईल

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांपासून होणारी इजा टाळण्याची जी मोहीम जाहीर केली तिच्या तीन अग्रक्रमांपैकी एक औषधबाहुल्य हा आहे. पण मोहीम जिनिव्हात ठरली म्हणून ती घोड नदीच्या काठी पोहोचत नाही. ती येथे चालवावी लागेल, आणि त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. कॅनडातील क्वेबेक प्रांतात एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना एक साधी पुस्तिका दिली. गोळीचे धोके, पर्याय आणि ती हळूहळू कमी करण्याचा क्रम तीत सोप्या भाषेत होता. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के वृद्धांनी गोळी पूर्ण बंद केली होती. ज्यांना ती मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होते. वृद्ध माणसाला विश्वासात घेऊन माहिती दिली तर तो ती समजतो आणि निर्णयही घेतो, हा त्याचा अर्थ. ज्या चळवळीने आयुष्यभर पत्रके वाटली तिला हे काम अवघड का वाटावे?

कार्यकर्त्यांनी प्रथम एक पथ्य पाळावे. कोणाचीही गोळी स्वतःच्या अधिकारात बंद करू नये व करायला सांगू नये. झोपेची गोळी दीर्घ सवयीनंतर एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. स्टेरॉइड, अपस्माराची औषधे आणि हृदयाची काही औषधे अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. थांबवण्याचा निर्णय डॉक्टरचा, आणि बहुधा तो हळूहळू अमलात आणायचा. कार्यकर्त्याचे काम पिशवी डॉक्टरपर्यंत पोहोचवण्याचे आहे.

गावातील प्रत्येक वृद्धाची पिशवी सहा महिन्यांतून एकदा पूर्ण रिकामी करून पाहिली जावी. दुकानातून आणलेली, मुलाने मुंबईहून पाठवलेली, पुडीतली, वैदूने दिलेली, सर्व औषधे त्यात यावीत. आशा सेविकेच्या मदतीने त्यांची यादी एका वहीत लिहावी. ती वही घेऊन वृद्धासह आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्र वा घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांकडे जावे आणि चार प्रश्न विचारावेत. ही गोळी कशासाठी आहे? ती किती दिवस घ्यायची? दुसऱ्या कोणत्या गोळीशी तिचे वैर आहे? ती थांबवायची झाली तर कशी? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. तेव्हा हा प्रश्न विचारण्यासाठी पैसे पडत नाहीत. औषधाने अपाय झाल्याचा संशय असेल तर तो नोंदवण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे, आणि रोग्याच्या घरचे लोकही तेथे नोंद करू शकतात. अशी नोंद झाली तरच उद्या एखाद्या औषधाविरुद्ध पुरावा उभा राहतो.

शासनाकडे करावयाच्या मागण्याही स्पष्ट असाव्यात. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस वृद्धांच्या औषध-तपासणीसाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी औषधनिर्माता डॉक्टरबरोबर बसावा. रक्तदाब-मधुमेहाची आवश्यक औषधे केंद्रांत खंड न पडता मिळावीत. राज्याने २०२३ साली कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले आहे, त्याची कसोटी उपकेंद्रातील फडताळावर लागली पाहिजे. पुडीतून बिननावाच्या गोळ्या देणे बंद व्हावे; आपण काय गिळतो हे जाणण्याचा हक्क रोग्याला आहे. आणि कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटींविषयी केवळ आचारसंहिता न ठेवता शिक्षेची तरतूद असलेला कायदा व्हावा.

राहिला प्रश्न एकटेपणाचा. त्याचे उत्तर कोणत्याही रुग्णालयात नाही. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर तास-दोन तास माणसे एकत्र बसणे, गुडघ्यांसाठी साधा व्यायाम, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा, अंथरुणावर पडण्याची वेळ दोन तास पुढे ढकलणे, ह्या गोष्टींना पैसा थोडा आणि संघटना अधिक लागते. समाजवादी कार्यकर्त्याने तरुणांच्या रोजगारासाठी झगडावे, शेतमालाच्या भावासाठी झगडावे, हे आहेच. परंतु ज्यांच्या श्रमावर मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि ह्या खोऱ्यांतील भातखाचरे पिकली त्यांची अखेरची वर्षे गुंगीत जावीत की शुद्धीत, हाही श्रमिकांच्या हक्काचाच प्रश्न आहे. पुढील अभ्यासवर्गाला येताना प्रत्येक शाखेने आपल्या गावातील निदान दहा वृद्धांच्या औषधांची यादी केलेली वही बरोबर आणावी. तालुक्याच्या डॉक्टरांपुढे ठेवायला आणि शासनापुढे मांडायला त्याहून चांगले निवेदन दुसरे असणार नाही.